शाफ्टवरचा अनाहूत

बेअरिंग कापून त्याची बाहेरची रेस उजेडात धरली की तिच्या चकचकीत पृष्ठभागावर सम अंतराने उमटलेल्या राखी रंगाच्या आडव्या रेघा दिसतात, ग्रीस काळेठिक्कर पडलेले असते. आणि जिने थेट ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाकरी केली, त्याच मोटरच्या नशिबी ड्राइव्ह बसवल्यावर अल्पावधीत ही दशा यावी, या एका कोड्याने साकीनाक्याच्या गाळ्यात बसून मोटरी दुरुस्त करणाऱ्या माझी उतारवयातील झोप उडवली आहे.

पुरवठा तोडल्यावर डीसी बसचे कपॅसिटर रिते होईस्तोवर टर्मिनलला हात का लावू नये, किंवा शाफ्टवरच पंखा असलेली मोटर मंद गतीने पूर्ण भारावर का राबवू नये, हे या पेशातील माणसाला सांगणे व्यर्थ काळक्षेप होय. माझे दुखणे निराळे आहे. ४१५ व्होल्टांच्या पुरवठ्यापासून ड्राइव्ह सुमारे ५९० व्होल्टांचा डीसी साठा करतो आणि सेकंदाला हजारो वेळा तो तोडून मोटरला देतो. या तोडजोडीत तिन्ही फेजांची बेरीज कधीच शून्य होत नाही, उरलेला दाब स्टेटर आणि रोटर यांच्यामधील फटीतून शाफ्टवर चढतो, आणि ग्रीसचा पातळ पापुद्रा त्याच्यापुढे हरला की ठिणगी पडते. एका ठिणगीचा खड्डा डोळ्याला दिसत नाही. पण अशा अगणित ठिणग्यांची परिणती त्या रेघांत होते.

या अनाहूत प्रवाहाला अडवण्याच्या मी नाना तजविजी केल्या. मागच्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग घातले, तर तो कपलिंगमधून पंपाच्या बेअरिंगात जाऊन रुजू झाला. शाफ्टवर अर्थिंगचा ब्रश टेकवला, तर दमट पंपघरात तो मळून निकामी झाला. कॅरिअर फ्रीक्वेन्सी उतरवली, तेव्हा ठिणग्या घटल्या खऱ्या, पण मोटर किणकिणू लागली आणि मुलुंडच्या त्या टोलेजंग सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी तक्रार धाडली.

येथे माझ्या कानाविषयी सांगणे प्राप्त आहे. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाशी धरून मी त्याचे उरलेले आयुष्य सांगत असे, आणि मरोळचे कारखानदार तो शब्द दस्तऐवजाप्रमाणे मानीत, याचा मला गर्व होता. होता कशाला, अजूनही आहे. परंतु वयाबरोबर उंच स्वर आधी हरपतात. गाळ्यात उमेदवारीला आलेली, आयटीआय झालेली मुलगी त्याच पंपघराच्या दारात कानांवर हात ठेवून म्हणाली, "काका, केवढी किंचाळतेय ही!" मला ती मोटर शांत भासत होती.

मग तिने मोटरची अर्थ वायर हाताने चाचपीत नेली. ती पाइपाच्या सपोर्टाला बांधून कुणीतरी मोकळा झाला होता. "काका, करंट ड्राइव्हमधून निघतो, मग त्याला परतायला ड्राइव्हपर्यंत सरळ वाट नको का?" आम्ही शील्डेड केबल ओढली, तिची जाळी दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये सर्व बाजूंनी आवळली, आणि मोटरच्या अंगापासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत गोल तारेऐवजी विणलेली चपटी तांब्याची पट्टी नेली; कारण उच्च फ्रीक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या गाभ्यात शिरत नाही, त्याला पृष्ठभाग हवा. अद्याप तरी त्या बेअरिंगांची कुरकुर नाही.

८ जून २०१४ पासून वर्सोवा–घाटकोपर मेट्रो आमच्या डोक्यावरून धावते. परतीचा प्रवाह चाकांच्या बेअरिंगांतून जाऊ नये म्हणून विजेच्या गाड्यांत आसांवर अर्थिंगचे ब्रश ठेवण्याची शिस्त फार जुनी आहे. रेल्वेवाल्यांना जे कळले ते आमच्या बाजारातील ड्राइव्ह-विक्रेत्यांना कळू नये याचे मला नवल वाटत नाही. 'वीज वाचेल' हा मंत्र जपून पेटी गळ्यात मारली की त्यांचे कर्तव्य संपते. केबल कोणती आणि तिची टोके कशी बांधावीत, याची चौकशी करण्यात त्यांना दलाली सुटत नाही.

मुलगी आता ऑसिलोस्कोप घ्या म्हणून माझ्या मागे लागली आहे, आणि त्याची किंमत जास्त असल्याची सबब मी पुढे करतो. तूर्त गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हर कानाला लावून निदान मीच ऐकवतो; ते तिने जिन्यातच मला सांगितलेले असते.