पुढच्याचा वारा

ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग गेला की हवेचा स्वभाव पालटतो. एरवी ती मुकाट्याने वाट देते. आता ती बॉनेटवर रेलून बसते, काचेला छाती लावते आणि गाडीला मागे लोटत राहते. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या अंडाकृती ट्रॅकवर सत्तरच्या दशकात चाळीसेक स्टॉक कार एकमेकींना खेटून धावत, पण प्रत्येकीची पहिली झुंज या हवेशीच असे. ही झुंज एकट्याने लढली की वेग मार खाई, दोघांनी मिळून लढली की वाढे. त्या शर्यतीची सगळी गंमत आणि सगळा पेच यात आहे. जिला हरवायचं, त्याच गाडीची सोबत हवी.

डेटोना मूळचं समुद्रकाठचं गाव. ओहोटी लागली की तिथली वाळू इतकी घट्ट आणि सपाट होते, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वेगवेडी माणसं विक्रम करायला तिथेच येत. पुढे वाळूवरून जायचं आणि शेजारच्या डांबरी रस्त्याने परतायचं अशा शर्यती सुरू झाल्या. बिल फ्रान्स या धिप्पाड माणसाने 1948 मध्ये स्टॉक कार शर्यती भरवणारी ‘नॅसकार’ ही संस्था उभी केली आणि 1959 मध्ये शर्यत वाळूवरून उचलून स्वतः बांधलेल्या ट्रॅकवर आणली. लांबी अडीच मैल, वळणांवर 31 अंशांचा चढ. एवढे उंच बांध घालायला लागणारी माती त्याने ट्रॅकच्या पोटातूनच काढली. खड्ड्यात पाणी भरलं, आणि शर्यतीच्या मधोमध एक तळं तयार झालं. आपल्या जत्रांतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवरून फिरतो तेव्हा त्याला वेगच भिंतीशी चिकटवून ठेवतो, डेटोनाचं वळण त्याच न्यायाने चालतं. तिथे पायी चढतानाही माणूस पुढे झुकतो, पण वेगात आलेली गाडी त्या चढात रुतून बसते. वेग उतरला की मात्र ती खाली घसरू पाहते.

या गाड्या दिसायला शोरूममधल्यासारख्या. डॉज, मर्क्युरी, शेव्हरोले, तुमच्या-आमच्या दारात उभ्या राहतील अशा. पण सत्तरच्या दशकापर्यंत साधर्म्य वरच्या कातडीपुरतंच उरलं होतं. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, सीट एकच, दरवाजे वेल्डिंगने बंद. ड्रायव्हर खिडकीतून आत उतरे. त्या खिडकीला जाळी आली तीही अपघाताने शिकवली म्हणून. 1970 मध्ये डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटी या ड्रायव्हरची गाडी कोलांट्या खात गेली आणि बेशुद्ध पेटीचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिला. तेव्हापासून जाळी सक्तीची झाली. दशकाचा चेहरा गाड्यांच्या अंगावरही उमटत होता. टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली, तसा 1971 पासून तंबाखूवाल्यांचा पैसा इकडे वळला. तेलटंचाईच्या 1974 मध्ये तर डेटोना 500 ही पाचशे मैलांची मानाची शर्यत साडेचारशे मैलांवर आणली गेली. अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या असताना गोल गोल फिरण्यात इंधन जाळायचं, तर निदान दहावा हिस्सा वाचवल्याचं दाखवायला हवं होतं.

पण हवेशी दोघांनी मिळून लढायचं म्हणजे काय? पुढची गाडी हवा फोडत जाते. तिच्यामागे थोडा वेळ एक पोकळी राहते, हवेचा दाब पडलेली. मागची गाडी त्या पोकळीत नाक खुपसते, तिला विरोध कमी होतो, आणि ड्रायव्हर पायाचा जोर किंचित सैल करूनही तोच वेग राखतो. लाभ पुढच्यालाही होतो, कारण त्याला मागे खेचणारा भोवरा मागच्या गाडीमुळे मोडतो. म्हणून दोन गाड्या लागोपाठ धावल्या तर एकटीपेक्षा वेगाने जातात. ही क्लृप्ती डेटोनाला 1960 मध्ये ज्युनियर जॉन्सनने हेरली. तो चोरटी दारू वाहून पोलिसांना हुलकावणी देण्यात तरबेज झालेला गडी. त्याची शेव्हरोले इतरांपेक्षा हळू होती. तो वेगवान गाड्यांच्या मागे चिकटत राहिला आणि शर्यत जिंकून गेला.

तिथल्या बोलीत याला ड्राफ्टिंग म्हणतात. त्याचं टोक म्हणजे स्लिंगशॉट, आपली गोफण. मागच्याने जोर राखून ठेवायचा आणि ऐनवेळी पोकळीतून बाहेर झेपावून पुढच्याला मागे टाकायचं. त्यामुळे डेटोनाला शेवटच्या फेरीत सगळ्यांत पुढे असणं ही सुखाची गोष्ट नव्हती. पुढचा आख्खा वारा झेलतो आणि मागच्याच्या विजयाची तयारी स्वतःच करून देतो.

हे गणित ज्याला सगळ्यांत चांगलं उमगलं होतं तो डेव्हिड पिअरसन. साउथ कॅरोलायनातल्या कापडगिरणीच्या वस्तीतला, कमी बोलणारा, लोक ज्याला रुपेरी कोल्हा म्हणत. शर्यतीच्या गाडीतही सिगारेट लायटर ठेवण्याइतका निवांत. 1974 च्या जुलैत डेटोनाला शेवटच्या फेरीत तो पुढे होता आणि मागे टपून बसला होता पेटी. पिअरसनने अचानक पाय उचलला. इंजिन बसलं असं समजून पेटी सुसाट पुढे निघाला, आणि पिअरसन त्याच्यामागे लागला. बळेच पुढे धाडलेल्या पेटीच्या वाऱ्यात बसून त्याने शेवटी त्यालाच मागे टाकलं. पेटी संतापला, आणि त्याचा राग रास्त होता. तेवढ्या वेगात पुढची गाडी एकाएकी मंदावली तर मागच्याचं काय व्हावं?

पेटीचा तोरा वेगळा. बाप ली पेटी याने 1959 ची पहिली डेटोना 500 जिंकलेली. निकाल छायाचित्रं तपासत बसल्याने तीन दिवसांनी लागला होता. मुलाला लोक राजा म्हणत. उंच काठी, काळा चष्मा, रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत सही देणारा.

15 फेब्रुवारी 1976. डेटोना 500 च्या दोनशे फेऱ्यांतली शेवटची. पेटी पुढे, पिअरसन मागे. सरळ पट्ट्याच्या टोकाला पिअरसनची गोफण सुटली आणि त्याची लाल-पांढरी मर्क्युरी पुढे झाली. पेटी हार मानणारा नव्हता. चौथ्या वळणातून बाहेर पडताना त्याने डॉज आतल्या बाजूने घातली, अर्धीअधिक पुढे काढली, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या. पिअरसन भिंतीवर आदळला. पेटी हेलकावला, सावरतोय असं वाटेपर्यंत तोही भिंतीला भिडला. धूर, माती, गरगरणारे पत्रे. पेटीची गाडी घसरत घसरत हिरवळीवर थांबली, शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर राहिली, आणि इंजिन बंद.

पिअरसनही गिरक्या घेत होता, वाटेत आणखी एका गाडीला थडकला. पण त्या गोंधळात त्याचा डावा पाय क्लचवर दाबलेला होता, उजवा ॲक्सिलरेटरवर. गाडी कुठेही जावो, इंजिन मरू द्यायचं नाही. आणि रेडिओवर त्याची विचारणा चालली होती ती एवढीच, की रिचर्ड कुठे आहे. मग नाक चेचलेली ती गाडी ताशी जेमतेम तीसेक किलोमीटरने गवतातून खुरडत ट्रॅकवर आली आणि पेटीच्या समोरून रेषा ओलांडून गेली. सव्वातीन तासांच्या झंझावाताचा निकाल असा खुरडत लागला. पेटीची माणसं धावत आली, त्यांनी गाडी ढकलली. तिसरा बेनी पार्सन्स फेरीभर मागे असल्याने पेटीचा दुसरा क्रमांक टिकला.

या शेवटाची फीत पाहताना लोक टकरीवर थांबतात. मी क्लचवर थांबतो. काच फिरतेय, आकाश फिरतंय, आणि एक पाय जिथे असायला हवा तिथे आहे. याला धैर्य म्हणणं मला थोडं भाबडं वाटतं. ही सवय आहे, हजारो मैल अंगात मुरलेली. आणि ती सवय मुरवायला समोर पेटीसारखा कुणी लागतो, जो चूक माफ करत नाही.

भडकलेली पेटीची माणसं पिअरसनच्या गाडीकडे निघाली, तेव्हा त्यांना आवरलं पेटीनेच, दोष आपल्याकडे घेत. कारकिर्दीअखेर पेटीच्या खात्यावर 200 विजय होते, पिअरसनच्या 105. पण 63 शर्यतींत पहिला आणि दुसरा क्रमांक या दोघांतच वाटला गेला, आणि त्यांतल्या 33 पिअरसनने जिंकल्या. पेटी पुढे सांगत असे, की पिअरसनकडून हरणं इतरांकडून हरण्याइतकं लागत नसे, कारण तो किती चांगला आहे हे ठाऊक होतं. ते त्याला प्रेक्षकांपेक्षा जास्त ठाऊक असणारच. प्रेक्षकांनी पिअरसनला लांबून पाहिलं. पेटीने त्याच्या गाडीचा वारा वर्षानुवर्षं खाल्ला होता, आणि आपला त्याला दिला होता.