आज खुराड्यात मेनू काय?

मल्टिग्रेन ब्रेडमध्ये नेमकी किती धान्यं आहेत, हे पाकीट उलटंपालटं करून वाचणारी आपली जमात. प्रोटीन या विषयावर आपण जिममध्ये तासभर बोलू शकतो. पण ज्या अंड्यातून ते प्रोटीन येतं, ते देणारी कोंबडी स्वतः काय खाते, असा प्रश्न कधी पडलाय? मला पडला, कारण आमच्या आजीनं शनिवार पेठेत कोंबड्या पाळल्यात.

होय, शनिवार पेठेत! ओंकारेश्वराची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर, जुन्या वाड्याच्या परसात, चार कोंबड्या. कोंबडा नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो लागतो पिल्लांसाठी. ही माहिती वाड्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यावी लागली. दुपारी एक ते चार आरवणारं कुणी नसेल, अशी खात्री पटल्यावरच परवानगी मिळाली.

मग सुरू झाले लाड. समोरच्या काकू शिळी पोळी कुस्करून घालायच्या, वरच्या मजल्यावरचे काका मूठभर फरसाण, आणि शाळेतून परतणारी पोरं डब्यातलं जे काही उरलं असेल ते. आजीचा स्वतःचा शिरस्ता म्हणजे सकाळ-संध्याकाळ ओंजळभर जोंधळा. एवढं कौतुक पेठेत आणखी कुणाच्या वाट्याला येत नसेल! आणि श्रावणात एकीनं दिलेलं अंडं हातात घेतलं, तर ते फुग्यासारखं मऊ. कवच नाहीच, नुसता पापुद्रा.

पशुवैद्यांनी कोंबडीकडे बघायच्या आधीच विचारलं, "खायला काय घालता?"

त्यांनी सांगितलेलं गणित सोपं आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. तेवढ्या ज्वारीतून किंवा बाजरीतून तिला कॅल्शियम मिळतं एक दशांश ग्रॅमपेक्षाही कमी. आपली नाचणी त्यातली श्रीमंत, पण तिच्यातूनही अर्ध्या ग्रॅमच्या आतच. मग बाकीचं येतं कुठून? तिच्या हाडांतून. अंडी घालायच्या काळात पक्ष्यांच्या मादीच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो. खाण्यातून भरपाई झाली नाही की कोंबडी त्या साठ्यावर अंडी देत राहते. साठा संपत आला की कवचं पातळ होतात, पाय लुळे पडतात, हाडं मोडतात. पापुद्र्याचं अंडं हा शेवटचा अलार्म.

"आमच्या गावाला कुठं होतं असलं?" आजीचा प्रश्न. आजी भोरकडची. तिचं म्हणणं चूक नव्हतंच. गावाकडे मोकळी सोडलेली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते; किडे, वाळवी, गोगलगायी, कोवळा पाला, खडे सगळं टिपते. जोंधळा हा तिचा फक्त स्नॅक असतो, संध्याकाळी खुराड्याकडे परत बोलावण्यापुरता. पेठेतल्या परसात शहाबादी फरशी आणि सिमेंट. इथं वाळवीसुद्धा लागते ती दाराच्या चौकटीला! गावात कोंबडी आपला मेनू स्वतः ठरवते, इथं तो आपण ठरवतो. तेव्हा नीट ठरवायला हवा.

खाद्याच्या दुकानात गेलं की वयानुसार तीन नावं ऐकू येतात. पहिल्या आठ आठवड्यांसाठी चिक मॅश, त्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास. मग तलंग अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर. अंडी सुरू झाली की लेअर मॅश: प्रथिनं 16 ते 18 टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मका, सोयाबीनची पेंड, कोंडा, क्षार असा हा भरडा. पण 'कॅल्शियम चांगलं' म्हणून लेअर मॅश पिल्लांना घालायचा नाही. तेवढं त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. ब्रॉयलरचं खाद्यही नको, ते झटपट वजन वाढवायला असतं. सोबत वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. कवच मुख्यतः रात्री तयार होतं, म्हणून तो संध्याकाळी समोर असलेला बरा. कोंबडी गरजेपुरताच खाते.

खरी कसोटी पावसाळ्यात. चार कोंबड्यांना दिवसाला 440 ग्रॅम, म्हणजे 50 किलोचं पोतं जवळजवळ चार महिने चालणार. स्वस्त पडतं, पण ओलीत बुरशी धरतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते शेंगदाण्याच्या बुरशीलागल्या पेंडीमुळे. अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध त्यातूनच लागला. म्हणून दहा किलो घ्यायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, तीन आठवड्यांत संपवायचं. कुबट वास आला तर फेकून द्यायचं. आणि पेठेतली कबुतरं त्यात तोंड घालणार नाहीत, असं बघायचं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून रानपाखरांशी पंगत नको, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत झालंय.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवत होते. तिच्या मनगटाचं प्लॅस्टर निघून फार दिवस झाले नव्हते. मोरीत जरा पाय घसरला, हात टेकला, एवढंच झालं होतं. 'हाडं ठिसूळ झालीत,' म्हणाले डॉक्टर. वय आहेच. पण आयुष्यभर आजी जेवायला बसली ती सगळ्यांच्या शेवटी. दूध पोरांना, दही पाहुण्यांना, पातेल्याच्या तळाशी राहील ते तिला. हाडांच्या साठ्याचं वाक्य आलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"म्हणजे उरलंसुरलं खायचं आणि अंडं मात्र रोज द्यायचं, असं नाही चालत तर!" ती म्हणाली. पुढं काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाड्यात नियम झाला. आधी मॅश, मग लाड. लाड एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे चौघींत मिळून एक ताजी पोळी किंवा मूठभर पालक. खारट-तळलेलं आणि बुरशीचं पूर्ण बंद. फरसाणवाले काका आठवडाभर रुसले होते, पण अंड्यांची कवचं पुन्हा टणक झाल्यावर पहिलं अंडं त्यांनीच मागून नेलं.

तुमचा मित्र मुळशीला फार्महाउस घेऊन कोंबड्या पाळायच्या गप्पा मारत असेल, तर त्याला आधी पोत्यावरचं लेबल वाचायला सांगा. पाकिटामागचं वाचायची सवय आपल्याला आहेच. आणि घरी पातेल्याच्या तळाचं कुणाच्या ताटात पडतं, तेही एकदा बघा.