मुदत ठेवीतला गुडघा

माणसाला गुडघे दोन आहेत, हे त्यातला एक संपावर गेल्याखेरीज ध्यानात येत नाही. माझ्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या मागची कंडरा काढून तिथं बसवली. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत, या खात्यातून त्या खात्यात वर्ग! मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, टाच ओढत ९० अंश गाठायचे. गंमत अशी, की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं ओसरतं आणि नवी दोरी नेमकी तेव्हाच सर्वांत कच्ची असते. मैदानी खेळाला निदान नऊ महिने. मुदतीआधी मोडायची नाही.

अडीच महिन्यांनी हवापालटाला भंडारदऱ्याला गेलो. विल्सन धरण १९२६पासून एका जागी उभं आहे. त्याला व्यायाम सांगायला कुणी येत नाही. १६४६ मीटरच्या कळसूबाईकडं मी पाहिलंच नाही. खरा डोंगर जेवणाच्या पाटावर होता. मांडी घालता येईना. पाय पसरला, तो थेट देव्हाऱ्याकडं! मी घामाघूम. मावशींनी काही न बोलता पाट-ताट फिरवलं. पाय दाराकडं झाला.

दुसऱ्या दिवशी ताट आधीच तसं मांडलेलं होतं.