उजवा पदर, डावा पदर

आजाऱ्याची सेवा म्हटली की औषध, पथ्य आणि डॉक्टर एवढंच आपल्यासमोर येतं. अंगावर कपडे घालणं हीसुद्धा मोठी सेवा असते, हे घरात डिमेन्शिया आला की कळतं.

माझ्या सासूबाई सांगलीकडच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि इथल्या रीतीप्रमाणे उजव्या खांद्यावरून पुढे पदर घेऊ लागल्या. पन्नास वर्षं तोच पदर. आता साडी हातात दिली की निऱ्या घालतात आणि पदर मात्र डाव्या खांद्यावर टाकतात, माहेरचा! या आजारात नवं आधी पुसलं जातं, जुनं उशिरापर्यंत टिकतं. नणंद म्हणाली, "वहिनी, सरळ करून दे ना." मी म्हटलं, "राहू दे. त्यांच्या हाताला अजून काहीतरी आठवतंय, ते कशाला मोडायचं?"

सगळेच दिवस असे सोपे नसतात. एकदा त्यांनी माझा हात झटकला. "कोण गं तू? माझं लुगडं का ओढतेस?" अशा वेळी वाद घालून उपयोग नाही. अंगावर टॉवेल टाकून मी बाजूला होते, दहा मिनिटांनी पुन्हा येते आणि म्हणते, "आई, मंदिरात जायचंय ना?" मग हात आपणहून वर होतात.

मैत्रिणींनो, अनुभवानं शिकलेलं थोडं सांगते. आधी खोलीचा पंखा बंद करावा, दार लावावं. कपडे घालण्याच्या क्रमानं मांडावेत, वर परकर, मग ब्लाउज, मग साडी. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. कपाट उघडून "काय नेसता?" असं विचारू नये, दोन साड्या समोर धराव्यात. ब्लाउजला पुढून हुक असावेत, परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक. आवडीची साडी धुवायला गेली की त्या कासावीस होतात, म्हणून तशीच दुसरी आणून ठेवावी. आणि जे त्यांना जमतं ते त्यांनाच करू द्यावं, वेळ लागला तरी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत साठीपुढच्या ८८ लाख भारतीयांना हा आजार असल्याचा अंदाज आहे, आणि त्याचं प्रमाण बायकांमध्ये जास्त आहे. म्हणजे आपल्याच घरांतल्या आया, सासवा, उद्या कदाचित आपणही.

आपल्याकडे सहा आभ्यंतर तपं सांगितली आहेत, त्यांत वैयावृत्त्य एक. मुनींची, वृद्धांची, आजाऱ्यांची सेवा. अठ्ठाईच्या उपवासांची अनुमोदना होते, पारण्याला माणसं जमतात. ब्लाउजचे हुक लावणाऱ्या सुनेची अनुमोदना कुणी करत नाही. न करो. पण पर्युषणात तपस्व्यांची विचारपूस करतो, तेव्हा अशा घराचंही दार वाजवावं. "तू तासभर झोप, मी बसते त्यांच्यापाशी," एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.