'सॉरी'ला लागले अठरा महिने!

'सॉरी' हा शब्द मी दिवसातून किमान दहा वेळा वापरते. विरार लोकलमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. कॉपी पाठवायला उशीर झाला, सॉरी सर. फोन उचलता आला नाही, सो सॉरी यार! पण सख्ख्या भावाला हाच शब्द म्हणायला मला चक्क अठरा महिने लागले.

आम्ही वसईचे, कॅथलिक. मी मास कम्युनिकेशन करून अंधेरीत भाड्याने राहणारी फ्रीलान्सर, तर दादा गावच्या घरातच राहिलेला. एप्रिलमध्ये पप्पा अचानक गेले. हार्ट अटॅक. महिन्याच्या मिस्सेनंतर घरी पाहुणे जेवत होते आणि मी सगळ्यांसमोर दादाला म्हणाले, 'तू वेळेवर हॉस्पिटलमध्ये नेलं असतंस, तर पप्पा आज असते.' तो काहीच बोलला नाही. ताट उचललं आणि आत निघून गेला.

खरं सांगू? ते वाक्य खोटं आहे, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. पप्पा गेले त्या रात्री माझ्या मोबाइलवर त्यांचे दोन मिस्ड कॉल होते. मी एका लाँच पार्टीत होते. 'उद्या करू' म्हणून फोन पर्समध्ये टाकला. तो उद्या आलाच नाही. हे कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ते ओझं मी दादाच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले.

मग अबोला. मी मैत्रिणींना सांगायचे, 'अगं, मी त्याला माफ करायला तयार आहे, त्याने एक फोन तर करावा!' किती मोठं मन ना माझं?

पुढच्या वर्षी ईस्टरआधी मी पापनिवेदनाला गेले. पाच मिनिटं दादाबद्दलच बोलत होते. फादरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'हे भावाचं झालं. आता तुझं सांग.' माझी बोलतीच बंद!

आजीच्या खोलीत एक फोटो आहे. हातात क्रूस आणि गुलाब घेतलेली तरुण नन. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा. मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच. मला ती नेहमी जरा जास्तच गोड वाटायची. त्या पावसाळ्यात तिचं आत्मचरित्र हातात घेतलं आणि माझा सगळा समज उलटा झाला.

जन्म १८७३चा. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. ना कुठलं मोठं काम, ना प्रवचनं. धुणं धुताना शेजारची नन मळकं पाणी अंगावर उडवायची, ते हिने सोसलं. एका ननचा तर हिला मनस्वी कंटाळा यायचा. तिच्याशी ही इतकं हसून वागायची की, 'तुला माझ्यात एवढं काय आवडतं?' असं त्या ननने एकदा विचारलं! आणि अगदीच असह्य झालं, तर ही सरळ तिथून पळ काढायची. संतांनीही पळ काढला होता, हे वाचून मला केवढा धीर आला!

तिचा लाडका दाखला तर आपल्या टॉवरवाल्यांसाठीच आहे. लिफ्टचा. तेव्हा श्रीमंतांकडे नव्याने लिफ्ट आल्या होत्या. पूर्णत्वाचा जिना चढायला मी फार लहान आहे, म्हणून येशूचे हात हीच माझी लिफ्ट, असं ती म्हणते. उचलून घेण्यासाठी आधी आपण लहान आहोत, हे कबूल तर करायला हवं! नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ समजणं, असं मला वाटायचं. ती आपली खरी उंची मान्य करण्यात आहे, हे तिने शिकवलं. आणि हा विश्वास काही गुलाबी नव्हता. १८९६च्या ईस्टरपासून मरेपर्यंत, जवळजवळ दीड वर्ष, तिला देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं. अंधारात हात धरून चालावं, तशी ती चालत राहिली. १९९७मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या मुलीला चर्चच्या आचार्यांच्या पंक्तीत बसवलं.

मोठा कोण, या शिष्यांच्या प्रश्नावर येशूने एका लहान मुलाला मध्ये उभं केलं. आणि किती वेळा क्षमा करायची, हा पेत्राचा प्रश्न येतो तो त्याच अध्यायात. या दोन गोष्टी शेजारी शेजारी का, हे मला तेव्हा कळलं. क्षमा मागायला आधी लहान व्हावं लागतं.

२ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस. संध्याकाळी सगळी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली. आदल्या वर्षी दादाची वेळ टाळून आले होते. यंदा मुद्दाम त्याच वेळेला गेले. तो वाकून मेणबत्ती लावत होता, चार वर्षांची भाची त्याचं बोट धरून उभी.

'दादा, सॉरी. मी खोटं बोलले होते. त्या रात्री पप्पांचे फोन मीच उचलले नव्हते.'

तो वर न बघता म्हणाला, 'माहीत आहे. नंबर मीच लावून दिला होता त्यांना.'

माझ्या पायांतलं बळच गेलं. 'मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?'

'तू आधीच किती रडत होतीस.'

एवढंच. ना मिठी, ना भाषण. त्याने काडेपेटी माझ्या हातात दिली आणि वारा लागू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी मेणबत्ती लावली.

भाचीने माझी ओढणी ओढली. 'आत्या, तुझी पप्पाशी कट्टी होती?'

'होती गं.'

'मग आता बट्टी?'

मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, 'चल घरी. वहिनीने जेवायला थांबवलंय.'