उंचीचा अर्थ

सॉफ्टवेअर प्रणालीची रचना समजावून सांगताना आम्ही फळ्यावर चौकोन काढतो आणि ते बाणांनी जोडतो. चौकोन वाढले की बाण एकमेकांना छेदू लागतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे ग्राहकाची ऑर्डर, ती हाताळणारी सेवा आणि ती सेवा चालवणारा सर्व्हर, अशा तीन निराळ्या जातींच्या गोष्टी एकाच पातळीवर येऊन बसतात.

फिलिप क्रूश्तेन यांनी १९९५ मध्ये अशी रचना दाखवण्याची ‘४+१’ पद्धत मांडली. त्यात प्रत्येक दृष्टिकोनाचं चित्र वेगळं. मी ही चित्रं स्क्रीनवर एकावर एक, मजल्यांसारखी ठेवतो: वर व्यवसायाचं कामकाज, मध्ये सेवा, तळाशी सर्व्हर. मग वरची गोष्ट खालच्या कशावर उभी आहे, ते दाखवणाऱ्या उभ्या रेषा ओढतो. माझं खरं लक्ष या रेषांवर असतं. मधल्या मजल्यावर दोन सेवा एकमेकींना पर्याय म्हणून दिसतात. त्यांच्या रेषा मात्र तळाच्या एकाच सर्व्हरवर उतरतात. तो बंद पडला की दोन्ही बंद. सुटी चित्रं आपापल्या जागी बरोबर असतात, दोष त्यांच्या मधल्या जागेत लपलेला असतो. तिसरी मिती ती जागा उघडी करते.

लुगानो विद्यापीठात रिचर्ड वेटेल आणि मिकेले लान्झा यांनी घडवलेल्या ‘कोडसिटी’ या साधनात कोड त्रिमित शहरासारखा दिसतो आणि त्यात प्रत्येक क्लास ही एक इमारत असते. मेथड जितक्या जास्त तितकी ती उंच. अ‍ॅट्रिब्यूट जितके जास्त तितका तिचा पाया रुंद. उंचीचा अर्थ ठरलेला असल्यामुळे अवाढव्य झालेला क्लास शोधावा लागत नाही, तो दुरूनच दिसतो.

पण खोलीची किंमतही मोजावी लागते, कारण पुढची आकृती मागचीला झाकते. कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांच्या १९९६ च्या प्रयोगात दोन्ही डोळ्यांना खोली जाणवेल आणि डोकं हलवताच दृश्यही बदलेल अशी सोय केल्यावर, सपाट चित्राच्या सुमारे तिप्पट मोठं जाळं लोकांना उमगलं. कागदावर छापताच हा लाभ जातो. म्हणून चर्चेत मी आकृती फिरवत राहतो आणि दस्तऐवजात एकेका मजल्याचं सपाट चित्र देतो.

माझा आग्रह एवढाच आहे की उंची काय सांगते हे आकृती काढण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढावं. ते वाक्य जमत नसेल, तर सपाट चित्र अधिक प्रामाणिक असतं.