खासबागेवर घुमट नको

कोल्हापुरात मोठ्या स्टेडियमचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'खासबागेच्या कुस्ती मैदानावर घुमट टाका, बारमाही मैदान मिळेल.' मी बांधकामाचा इंजिनिअर. घुमट बांधायला मिळावा ही आमच्या व्यवसायातली मोठी हौस. तरी या सूचनेला माझा विरोध आहे.

शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. 1907 मध्ये खासबागेत काम सुरू झालं आणि 1912 मध्ये इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने मैदान खुलं झालं. रोममध्ये कमानींवर कमानी रचून बैठक उचलली होती, इथे ती मातीच्या भरावावर बसवली. मधोमध हौद, भोवती चढत गेलेला उतार, आणि तीसेक हजार प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. खांदे टेकले की नाही हे अगदी वरच्या रांगेतूनही दिसतं. निकाली कुस्तीला एवढीच वास्तू लागते.

आता घुमटाचं गणित बघा. घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही, तो पायथ्याला बाहेरच्या बाजूलाही रेटतो. हा रेटा आवळून धरायला भोवती भक्कम कडं लागतं आणि कडं पेलायला खोल पायाचे खांब. शंभर वर्षांपूर्वीचा मातीचा भराव हे काम करणार नाही. म्हणजे भराव फोडून खांब उतरवायचे. जे वाचवायचं तेच आधी खोदायचं. पाण्याचंही तसंच. एक एकर छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी खाली येतं. खोलगट मैदानाच्या कडेने ते वाहून न्यायचं कुठे?

रोमन लोकांना घुमट येत नव्हता असं नाही. कलोसियम इ.स. 80 मध्ये खुलं झालं, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत त्याच शहरात 43 मीटर व्यासाचा पॅन्थिऑनचा घुमट उभा राहिला. कलोसियमवर मात्र त्यांनी कापडी छतं ताणली, आणि ती ओढायला खलाशी ठेवले. उन्हाला तेवढा आडोसा पुरे होता.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा ॲस्ट्रोडोम 1965 मध्ये खुला झाला. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचं, घुमटाखालचं अनेक खेळांचं स्टेडियम. आत खरं गवत लावलं होतं, म्हणून छताला हजारो पारदर्शक तावदानं बसवली. त्यांच्या तिरिपीने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली, आणि उजेड गेल्यावर गवत मेलं. 1966 मध्ये तिथे कृत्रिम गवत आलं. छताने खेळाची जमीनच बदलून टाकली.

आपली जमीन लाल मातीची. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळतात. तालमीतला हौद छताखालीच असतो, हे मला माहीत आहे. पण तिथे पोरं रोज माती खोदतात, वस्तादांची नजर असते. मैदानातला हौद दोन स्पर्धांच्या मधे पडून राहतो. त्याला ऊन आणि वारा लागतोच, नाहीतर माती कुबट होते.

घुमट मात्र कोल्हापूरला हवा, आणि तो महापालिकेच्याच मालकीचा हवा. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं पदक मिळवलं ते मॅटवर. आजची स्पर्धा मॅटचीच आहे. कबड्डी, व्हॉलीबॉल, बॅडमिंटनलाही ओली हवा नको असते. शहराबाहेर मोकळ्या जागेवर, पार्किंग आणि बाहेर पडायच्या रुंद वाटा आधी आखून, असा हॉल उभा राहावा. भाडं शाळांना परवडेल असं ठेवावं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेला लागूनच असलेलं, 1915 पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. छताखाली गर्दी बसवायची तर वायरिंग, धूर आणि दारं यांचा हिशेब आधी करायचा असतो, हे शहराने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

खासबागेसाठी महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे: भरावाची डागडुजी, पाण्याचा निचरा, स्वच्छतागृहं, नवं वायरिंग आणि कुठलंही छत नाही. तुम्हीही पुढच्या मैदानाला जा, वरच्या रांगेत बसा आणि तिथून दिसतं ते पाहून मगच घुमटाबद्दल मत द्या.